कडा न कापणाऱ्या ताई

मनगटातली एक बांगडी काढायची, टीव्हीच्या काचेवर टेकवायची आणि एक डोळा मिटून पाहायचं, ही ताईंची सवय होती. पडद्यावर लग्नातलं एखादं दृश्य थांबवलेलं असायचं. त्यात जेवणाचं ताट असेल, ट्रॅक्टरचं चाक असेल, नाहीतर वाजवणाऱ्याच्या हातातली हलगी. ती वस्तू बांगडीसारखी गोल दिसली की ताई बांगडी परत हातात चढवायच्या आणि म्हणायच्या, "गोल हाय. आता माणसं बी बराबर असतील."

तुम्हीही कधीतरी कुणाच्या घरी लग्नाचा व्हिडिओ पाहायला बसला असाल. नवरा-नवरी दोघंही दाबून बसवल्यासारखी बुटकी आणि जाड दिसतात. किंवा अख्खं वऱ्हाड वर ओढून ताणल्यासारखं लांबट दिसतं. घरातले म्हणतात, टीव्हीच तसा आहे. टीव्ही तसा नसतो. कॅमेऱ्यानं रुंद चित्र घेतलेलं असतं आणि मिक्सिंग करणाऱ्यानं ते भलत्याच मापात कोंबलेलं असतं. हे मला ताईंनी सांगितलं, आणि एकदा सांगितल्यावर मला साधा व्हिडिओ सुखानं पाहता आला नाही.

मी आखाडा बाळापूरचा फोटोग्राफर. लग्न, साखरपुडा, बारसं, शाळेचं स्नेहसंमेलन, जिथं बोलावतील तिथं कॅमेरा घेऊन जातो. कॅमेरा माझा आणि मिक्सिंग ताईंचं, अशी आमची बरीच वर्षं जोडी होती. मिक्सिंग म्हणजे घेतलेल्या तुकड्यांची निवड करायची, ते जोडायचे, आवाज बसवायचा आणि शेवटी संगणकाकडून सगळ्याची एक फाइल करून घ्यायची. त्या शेवटच्या कामाला रेंडर म्हणतात. संगणक रेंडर करत असला की ताई चहा पीत नसत. "आधी निघू द्या. कसं निघतं ते पाहू द्या," म्हणायच्या.

मेन रोडला त्यांचं दुकान होतं. एक खोली, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याला रोज ताजा हार, खाली संगणक आणि समोर मोठा टीव्ही. गिऱ्हाइकानं घरी नेऊन बोंब मारण्यापेक्षा इथंच पाहून जावं म्हणून तो टीव्ही घेतलेला. लाइट गेली तर काम अडायला नको म्हणून कोपऱ्यात इन्व्हर्टर. ताईंचे यजमान टेम्पो चालवायचे, हळदीची पोती हिंगोलीच्या मार्केटला न्यायचे. ते फार बोलत नसत. बोलायचं खातं ताईंकडे होतं.

एकदा एका नवरीची आई आली. तिला मुलगी व्हिडिओत जाड वाटत होती.

"ताई, आमच्या पोरीला जरा बारीक करा ना. कॉम्प्युटरवर होतं म्हणतात."

"होतं की," ताई म्हणाल्या. "पण मग नवरदेवाचं घोडं बी बारीक होईल. बकरीवाणी दिसंल. चालंल का?"

ती बाई हसायला लागली. ताई हसल्या नाहीत. त्यांनी टीव्हीवर मुलीचा चेहरा थांबवला आणि म्हणाल्या, "ह्यात काय वाईट हाय, मावशी? लेकरू केवढं खूश दिसून राहिलंय."

जुन्या कॅसेटवरून व्हिडिओ करून घ्यायला लोक यायचे. जुनं चित्र चौकोनी, नवा टीव्ही रुंद. ताई दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून द्यायच्या, आणि त्यावरून रोज कुणाशी तरी वाजायचं.

"काळं काहून सोडलं? एवढा मोठा टीव्ही घेतला आमी!"

"टीव्ही मोठा घेतला, लग्न तेवढंच हाय," ताई म्हणायच्या. "भरायचं म्हणून माणसं फुगवायची का?"

आवाजाचंही तसंच. मुलगी सासरी निघाली की बाकीचे मिक्सिंगवाले मूळ आवाज बंद करतात आणि वर एखादं रडकं गाणं सोडतात. ताई रडणं तसंच ठेवायच्या. मागं गाडीवाला हॉर्न मारतोय, कुणीतरी "चला, उशीर होऊन राहिला" म्हणतोय, तेही ठेवायच्या. ओठ आणि आवाज यांत केसाएवढं अंतर राहिलं तरी पुन्हा रेंडर. मी कंटाळून म्हणायचो, "ताई, कुणाला कळतंय?" त्यावर उत्तर ठरलेलं होतं, "मला कळतंय ना."

गिऱ्हाईक तुटायचं. थोडं लांब जाऊन परतही यायचं. ताई दोन्ही वेळेला सारख्याच आवाजात "या" म्हणायच्या.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आमच्या भागातल्या एका गावात ग्रामसभा होती. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून रोज समोर येतात. दारूच्या दुकानाला गावाच्या तोंडाशी जागा हवी होती, शाळेच्या रस्त्यावर. त्यासाठी ग्रामसभेची संमती लागत होती. सभेचं चित्रीकरण माझ्याकडं आलं.

मी शाळेच्या ओट्यावर कॅमेरा लावला. समोर टेबल, टेबलामागे सरपंच. पुढं सतरंजीवर पुरुष. बायांना मधे जागाच ठेवली नव्हती. काही डाव्या हाताला भिंतीशी बसल्या, जास्त उजवीकडं हापशापाशी उभ्या राहिल्या. मी चित्र रुंद धरलं, म्हणून दोन्ही बाजू आत आल्या. आवाज दोन ठिकाणांहून घेत होतो. एक सरपंचांच्या मायकातून थेट वायरनं, दुसरा कॅमेऱ्यावरच्या मायकातून. पहिल्यात फक्त बोलणारा ऐकू येतो, दुसऱ्यात सगळी सभा.

सरपंच म्हणाले, "दुकानाला संमती असलेल्यांनी हात वर करा." पुढच्या पुरुषांतले बरेच हात वर गेले. त्याच वेळेला दोन्ही बाजूंच्या बाया उठल्या, हात वर करून हलवायला लागल्या आणि ओरडल्या, "न्हाई! दुकान न्हाई पायजे!" सरपंचांनी माइक तोंडाला लावला आणि म्हणाले, "ठराव सर्वानुमते मंजूर." सभा संपली. बाया ओरडतच राहिल्या, पण माइक बंद झाला होता आणि पुरुष चपला शोधत होते.

एक-दोन दिवसांत सरपंच ताईंच्या दुकानात आले. मीही तिथंच होतो. बोलणं गोड होतं.

"ताई, व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकायचा हाय. मोबाइलवर उभा बसंल असा करून द्या. मधला भाग तेवढा ठेवा. बाजूला उगंच गर्दी हाय."

"अन् आवाज?"

"मायकाचा ठेवा. बाकीचा कलकलाट काढून टाका. वर एखादं जोशाचं गाणं लावा."

ताईंनी पडद्यावर सभा थांबवली. "बाजूला गर्दी न्हाई, सरपंच. बाया हायत."

"तेच म्हणून राहिलो मी."

"चित्र रुंद घेतलंय, रुंदच निघंल. दोन्ही कडा धरून. आवाज बी दोन्ही."

"अहो, ऑर्डर ग्रामपंचायतीची हाय."

"म्हणून तर. ग्रामपंचायतीत त्या बी येतात ना?"

सरपंचांचा गोडवा तिथं संपला. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "दुकानाची जागा कोणाची हाय, ठाऊक हाय ना ताई?"

खोली त्यांच्या साडूची होती, हे सगळ्या बाळापूरला ठाऊक होतं.

"ठाऊक हाय," ताई म्हणाल्या. "भिंती तुमच्या साडूच्या. कॉम्प्युटर माझा."

ताईंनी रेंडर लावलं, निघेपर्यंत सरपंचांना बसवून ठेवलं आणि पूर्ण रुंदीचा, दोन्ही आवाजांचा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये भरून त्यांच्या हातात दिला. ते तो खिशात टाकून गेले.

मग त्यांच्या एका कार्यकर्त्यानं मोबाइलवरच हवं तसं करून घेतलं. मधला उभा तुकडा, सरपंच, हात वर केलेले पुरुष, वर ढोलाचं गाणं. तो व्हिडिओ गावभर फिरला.

चार दिवसांनी कौसाबाई दुकानात आल्या. त्या गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष. सोबत पाच-सहा बाया, हळद शिजवायचं काम सोडून आलेल्या, साड्यांना अजून पिवळे डाग. कौसाबाई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, सगळ्या गावानं व्हिडिओ पाह्यला. आमी कुठंच न्हाई. आमी तिथं गेलतो का न्हाई, आता आमालाच शंका येऊन राहिली."

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. शूटिंग माझं होतं, म्हणून. मी म्हणालो, "सभा सगळ्यांची होती. दाखवा."

ताईंनी टीव्ही लावला. दोन्ही स्पीकरचा आवाज वाढवला. बाया पडद्याजवळ सरकल्या. कुणी स्वतःला भिंतीशी शोधलं, कुणी हापशापाशी. एकीनं स्वतःचं उघडं तोंड पाहून पदर तोंडाला लावला आणि हसत सुटली. "माय वो, मी केवढ्यानं वरडले!" कौसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा.

"तुमी काहून एवढी तकलीफ घेऊन राहिल्या, ताई?" त्यांनी विचारलं. "तुमचं काय अडलं होतं? कापून दिलं असतं तर दुकान सुखी राह्यलं असतं."

तेव्हा ताईंनी जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ नांदेडच्या एका लॅबमध्ये तयार झाला होता. त्या काळात नवरा-नवरीभोवती लाल दिलाचा आकार टाकायची फॅशन होती. त्रिशरण-पंचशील चालू असताना त्यांचे वडील कडेला हात जोडून उभे होते. मिक्सिंगवाल्यानं त्या सगळ्या वेळेला दिल टाकला. दिलाच्या आत ही दोघं, बाहेर सगळं गुलाबी. पुढं वडील गेले. आई व्हिडिओ लावायला सांगायची आणि विचारायची, तुझा बाप कुठं हाय?

"माझा बाप दिलाच्या बाहेर गेला," ताई म्हणाल्या. "मी त्या लॅबला गेले. म्हणलं मूळ कॅसेट द्या. त्यांनी त्यावर दुसरं लग्न भरलं होतं. मग तिथंच कामाला राह्यले, सीडीला कव्हर लावायला. पाहून पाहून शिकले. तवाच ठरवलं, आपल्या हातून कोणी बाहेर जायचं न्हाई."

कौसाबाईंनी त्यांचा हात धरला. मग ताईंनीच हात सोडवून घेतला आणि म्हणाल्या, "पेनड्राइव्ह आणला का?"

बायांनी तक्रार केली. हिंगोलीच्या कचेरीत सुनावणी लागली. मी शूटिंग केलं म्हणून मला बोलावलं, आणि ताई न बोलावता आल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत लॅपटॉप आणि दुकानातले दोन स्पीकर. बसमध्ये मी म्हणालो, "स्पीकर कशाला, तिथं असतील." त्या म्हणाल्या, "असले तर परत आणू."

सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या खोलीत जुना चौकोनी पडदा होता. आधी सरपंचांचा व्हिडिओ लावला. गाणं वाजलं, हात वर झाले. मग आमचा लावला. रुंद चित्र त्या चौकोनी पडद्यात दाबलं गेलं होतं. सगळ्या बाया अगरबत्तीसारख्या उभ्या, चेहरे नुसते लांबट. ताईंनी एका स्पीकरला मायकाचा आवाज बसवला होता आणि दुसऱ्याला सभेचा; इथं एकच बाजू वाजत होती, सरपंचांच्या मायकाची.

सरपंच उठले. "साहेब, ह्या आमच्या गावच्या बायाच न्हाईत. कुठून तरी आणून घातल्यात. ह्यातला एक चेहरा ओळखून दाखवावा."

खरंच ओळखू येत नव्हता. कौसाबाईसुद्धा पडद्याकडं गोंधळून पाहत होत्या.

ताई मागच्या बाकावरून उठल्या. "साहेब, थांबवा. सभा अशी न्हाई झाली."

"आपण कोण?" साहेबांनी विचारलं.

"मिक्सिंग माझं हाय. पडदा चौकोनी हाय, चित्र रुंद हाय. दाबलं म्हणून बाया अशा दिसून राहिल्या. मी बराबर करून देते."

सरपंच म्हणाले, "आता इथं बसून काय घालती काय काढती, कोणाला ठाऊक?"

"तुमी येऊन माझ्या शेजारी उभे राहा," ताई म्हणाल्या. "मी काय करते ते डोळ्यानं पाहा."

साहेबांनी मान हलवली. सरपंच आले नाहीत. ताईंनी आपला लॅपटॉप जोडला, माप बदललं. पडद्यावर वर आणि खाली काळी पट्टी आली, आणि मधे अख्खी सभा नीट बसली. भिंत, टेबल, हापसा. माणसं माणसांसारखी.

कौसाबाई लगेच उभ्या राहिल्या. "ती हिरव्या पदराची, हापशाला हात लावून उभी हाय, ती मी."

मागून दुसरी उठली. "तिच्यामागं मी. कडेवर माझं लेकरू हाय, पाहा."

मग एकेक करत सगळ्या उठल्या. एक म्हातारी पडद्यापाशीच गेली आणि भिंतीजवळच्या आपल्या डोक्यावर बोट ठेवून तिथंच थांबली. साहेब प्रत्येकीकडं पाहायचे, मग पडद्याकडं.

सरपंच अजून हरले नव्हते. "बरं, हायत आमच्या गावच्या. पण साहेब, हात तर वर हायत ना? संमतीच दिली की त्यांनी!"

हे ऐकून ताईंनी पिशवीतून स्पीकर काढले. एक पडद्याच्या या बाजूला ठेवला, एक त्या बाजूला. वायर जोडली. "आता ऐका, साहेब."

आधी एका स्पीकरमधून सरपंचांचा आवाज आला. आणि त्याच्यावर, दुसऱ्या स्पीकरमधून, "न्हाई! दुकान न्हाई पायजे!" ओठ आणि आवाज अगदी बरोबर. कडेवरचं लेकरू दचकून रडलं, तेही ऐकू आलं. "सर्वानुमते" हा शब्द आला तेव्हा ओरडा सगळ्यात मोठा होता.

साहेबांनी पुन्हा लावायला सांगितलं. ताईंनी पुन्हा लावलं.

निकाल लगेच आला नाही. मधल्या दिवसांत सरपंचांचा निरोप घेऊन माणूस दुकानात आला. मिक्सिंग करताना बायांचा आवाज चुकून दुसरीकडून आला, एवढं ताईंनी एकदा सांगावं. मग खोली राहील, गावच्या सगळ्या लग्नांचं काम इथंच येईल. नाहीतर महिन्याअखेर ती रिकामी करावी.

मी ताईंकडं पाहत होतो. त्या काम करत होत्या, एका बारशाचा व्हिडिओ. माऊसवरचा हात थांबला नाही.

"त्यांना म्हणावं, माझ्या कामात चूक न्हाई. दुकान जाईल. चूक न्हाई."

"ताई, विचार करा. यजमानांना तरी विचारा."

यजमान दारातच उभे होते, टेम्पोची किल्ली हातात. ते म्हणाले, "टेम्पो कधी आणू तेवढं सांग." मी त्यांना इतक्या वर्षांत इतकं लांब वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं.

पुढं निकाल लागला. ठराव टिकला नाही, पुन्हा सभा घ्यायला सांगितलं. त्या सभेला बाया लवकर जाऊन सतरंजीच्या मधोमध बसल्या, पुरुष कडेला उभे राहिले. दुकानाला नकार मिळाला. मी बाळापूरला येऊन सांगितलं तेव्हा ताई खोक्यात वायरी भरत होत्या. त्यांनी हातातली वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाल्या, "आपला व्हिडिओ बी आडवा, अन् त्यांची बाटली बी आडवी." आणि एवढ्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. डोळे पुसले ते हसून पाणी आलं म्हणून की खोली सोडायच्या दुःखानं, हे मी विचारलं नाही.

ताई आता बाळापुरात नाहीत. त्यांच्या खोलीत मोबाइलची कव्हरं विकतात. लग्नांचे व्हिडिओ बहुतेक लोक मोबाइलवरच कापतात, उभे, गाणं लावून. मी काढलेलं कुणाला पूर्ण हवं असतं, कुणाला नको असतं.

पण त्या गेल्या तो दिवस बाळापूर विसरलेलं नाही. त्यांनी जायला मुद्दाम बाजाराचा दिवस निवडला. भर दुपारी टेम्पो दुकानापुढं लागला. कपाट, टेबल, खोकी चढली. सगळ्यात शेवटी त्यांनी मोठा टीव्ही मागच्या फळीशी उभा करून दोरीनं आवळून घेतला, तोंड रस्त्याकडं. खाली इन्व्हर्टर, बॅटरी, दोन्ही कडांना स्पीकर. मला वाटलं, तुटू नये म्हणून काळजी घेताहेत. मग त्यांनी वायर जोडली आणि बटण दाबलं.

यजमानांनी टेम्पो पहिल्या गिअरवर बाजारातून काढला. भाजीवाल्या, कपड्यांची दुकानं, हॉटेलातली बाकडी, सरपंचांच्या साडूचं आडत दुकान, सगळ्यांपुढून तो पडदा सावकाश गेला. पडद्यावर अख्खी ग्रामसभा होती. लोक तराजू हातात धरून थांबले. पोरं मागं धावली. कुणीतरी म्हणालं, "ती पाहा, आपली कौसाबाई!" ताई टीव्हीशेजारी पोत्यावर बसल्या होत्या, दोरी एका हातानं धरून, पाठ ताठ. कुणाकडं पाहून हात हलवला नाही, मान खाली घातली नाही. हिंगोलीच्या रस्त्याला टेम्पो वळला, पडदा दिसेनासा झाला, तरी बायांचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.